तंजावरचे दोन पाडवे

पाडव्याच्या दिवशीं सकाळीं कडुलिंबाचा घास आणि दुपारीं श्रीखंडपुरी, हा क्रम आमच्या घरांत इतक्या वर्षांचा होता, कीं तो कोणी ठरविला असेल असें कधीं कोणास वाटलें नाहीं. तो आमच्या मातोश्रींनीं ठरविलेला होता, हें त्या गेल्यावर कळलें. सन २०२३ च्या मार्गशीर्षांत त्या वारल्या. अशा वर्षीं घरांत सण नाहीं, गोडधोड नाहीं, गुढी नाहीं, असा रिवाज. तो पाळावा कीं न पाळावा, याविषयीं आम्हां तिघां भावांचीं तीन मतें होतीं. थोरल्या वहिनींनीं ‘पाळायचें’ असें म्हटल्यावर तीं तिन्ही एक झालीं.

परंतु खरी अडचण निराळीच होती. स्वयंपाकघरांतील वरच्या फळीवर मातोश्रींच्या हातची डांगराच्या पिठाची बरणी उरली होती. उडदाची डाळ भाजून, धने, जिरें व हिंग घालून दळलेलें हें पीठ. त्यांत दहीं, मीठ, तिखट व बारीक चिरलेला कांदा घालून वर कच्च्या तेलाची धार सोडली, कीं तोंडीलावणें तयार. आमच्या वडिलांच्या तुटपुंज्या पगाराच्या दिवसांत भाजीऐवजीं आठवड्यांतून दोन वेळां तें पानांत पडे. पुढें दिवस बरे आले, तरी पाडव्याच्या पानांत श्रीखंडाच्या शेजारीं डांगर असावयाचेंच. मात्र सणाचें म्हणून त्यांत कांदा नसे. हें गरिबाचें तोंडीलावणें आज कशाला, असें आम्ही लहानपणीं विचारीत असूं. ‘श्रीखंडानें जीभ झोंपते, तिला उठवायला,’ एवढेंच उत्तर मिळे.

ती बरणी कोणी उघडीना आणि कोणी हलवीना. धाकट्या वहिनी मधूनमधून ती खालीं काढून पुसून पुन्हां जागेवर ठेवीत. वापरावें तर पीठ संपेल. ठेवावें तर नासेल. याविषयीं घरांत चकार शब्द कोणी काढला नाहीं, आणि आमच्या घरांत न बोललेल्या गोष्टी फारशा नसतात, हें आम्हांस ओळखणाऱ्यांस ठाऊक आहे.

तेव्हां पाडव्याच्या दिवशीं घरांत बसून त्या फळीकडे पाहण्यापेक्षां आम्हीं उभयतांनीं कोठें तरी प्रवासास जावें, असें ठरलें. तंजावरास एक वृद्ध महाराष्ट्रीय दांपत्य आहे. हस्तलिखितें पाहण्याच्या निमित्तानें आमचे धाकटे बंधु दोन वेळां त्यांच्याकडे उतरले होते. त्यांना फोन केला. ‘युगादीला येतां ना?’ असें पलीकडून यजमानांनीं विचारलें. आम्हीं वर्षाची अडचण सांगितली. ‘या तर खरे,’ एवढें म्हणून त्यांनीं फोन ठेवला.

पुण्याहून सोलापूर, रायचूर या वाटेनें चेन्नई, आणि तेथील एग्मोर स्थानकावरून रात्रीची गाडी. पहाटे जाग आली ती कावेरीच्या मुलखांत. हा प्रदेश बारा महिने हिरवागार असेल, अशी आमची पुस्तकी कल्पना; चैत्रांत मात्र नदीच्या पात्रांत वाळूच अधिक. मेट्टूरचें धरण १९३४ सालीं पुरें झालें. तेथून खालच्या कालव्यांस पाणी सोडण्याचा दिवस वहिवाटीनें १२ जून हा आहे, आणि पाऊस कमी झाला तर तोही टळतो. भात माघाच्या सुमारास कापून झालेलें असतें. मग मधल्या दिवसांत शेत काय करतें? तेथील शेतकरी भात उभें असतांनाच, कापणीच्या आठदहा दिवस आधीं, त्या ओल्या चिखलांत उडीद व मूग फेंकून ठेवतो. नांगर नाहीं, पाणी नाहीं. भाताच्या मागें राहिलेल्या ओलीवर आणि दंवावर तें पीक हातीं येतें. आम्ही गेलों तेव्हां हीच काढणी चालली होती. उडदाचीं वाळलेलीं झाडें लोकांनीं भर रस्त्यावर पसरून ठेवलेलीं, आणि येणाऱ्याजाणाऱ्या मोटारींच्या चाकांखालीं त्यांची फुकटांत मळणी होत होती. आमच्या सौ. खिडकींतून तें पाहत होत्या. दोघांच्याही मनांत एकच बरणी आली असावी. पण कोणीच बोललें नाहीं.

यजमानांचें घर पश्चिम राजवीथीच्या एका गल्लींत आहे. दाराच्या दोन्ही बाजूंस बसावयाचे ओटे, आंत उघडा चौक, चौकाभोंवतीं लांकडी खांब; वाईच्या एखाद्या जुन्या घरांत आलों असें क्षणभर वाटावें. यजमान ऐंशीच्या पुढचे, शाळेंतून निवृत्त झालेले. गल्लींत सर्वजण त्यांना ‘राव’ म्हणतात, म्हणून आम्हीही तसेंच म्हणूं लागलों. त्यांच्या पत्नी आजीबाई. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधु व्यंकोजी राजे यांनीं १६७६ च्या सुमारास तंजावरचें राज्य हातीं घेतलें, आणि त्यांच्यामागून देशावरचीं जीं कुटुंबें तेथें गेलीं त्यांपैकीं हें एक. १८५५ सालीं तें राज्य कंपनी सरकारनें खालसा केलें, कुटुंबें राहिलीं. या लोकांची मराठी प्रथम ऐकतांना कान गोंधळतात. शब्द आपले, सूर तमिळ. घरांत बोलणें मराठींत, परंतु रावांस देवनागरी वाचतां येत नाहीं. मराठी पत्र लिहावयाचें तर ते तमिळ अक्षरांत लिहितात. एक मुलगा चेन्नईस, दुसरा अमेरिकेंत. नातवंडांना मराठी कळते, पण उत्तर इंग्रजींत येतें. ‘आम्ही दोघें आहोंत तोंवर या घरांत ही भाषा आहे,’ असें राव सहज बोलल्यासारखें बोलून गेले, आणि लगेच पंख्याचा वेग वाढविण्यास उठले.

९ एप्रिल २०२४, मंगळवार, शके १९४६ ची प्रतिपदा. पहाटे अभ्यंगस्नान, दारावर आंब्याच्या पानांचें तोरण, उंबऱ्याबाहेर तांदुळाच्या पिठाची रांगोळी. गुढी त्या घरीं उभारीत नाहींत. हें ऐकून आम्हांस अंमळ हायसें वाटलें. आमच्या दारीं त्या वर्षीं गुढी नव्हती, तशी ती तेथेंही नव्हती. देवाला नमस्कार झाल्यावर आजीबाई पितळेची वाटी घेऊन आल्या. आपल्याकडे कडुलिंबाचीं कोवळीं पानें ओवा, गूळ, मिरीं, हिंग यांबरोबर वाटतात. तेथें पानें नव्हेत, फुलें. चैत्रांत तीं झाडाखालीं पांढऱ्या रव्यासारखीं पडतात. तीं चिंचेच्या कोळांत, गूळ, कच्च्या कैरीचे तुकडे, मीठ आणि मिरची यांसह कालविलेलीं होतीं. म्हणजे सहाही रस एका पळींत. आम्ही जरा मागें सरलों आणि म्हणालों, ‘आजी, आमच्या घरीं यंदां...’

‘ठाऊक आहे,’ त्या म्हणाल्या. ‘गोड नका घेऊं. पण कडवाला कसली अडचण?’

यावर उत्तर नव्हतें. आम्हीं हात पुढें केला. आमच्या जिभेस पानांच्या कडवटपणाची संवय. तो एकदम येतो व एकदम जातो. फुलांचा तसा नाहीं. प्रथम गूळ लागतो, मग चिंच, आणि सर्व गेल्यावर मागून सावकाश कडू येतो व बराच वेळ बसून राहतो.

दुपारीं केळीच्या पानावर जेवण. मीठ, लोणचें, कोशिंबीर, वरणभात, कटाची आमटी, आणि पुरणाची पोळी. तेथील बाजारांत पिवळीधमक तेलकट पोळी ‘बोळी’ या नांवानें विकतात. ही तशी नव्हती, ही आपली होती. आजीबाईंनीं ती आम्हां दोघांस वाढली नाहीं. पानाचा तो कोपरा रिकामा ठेवला आणि त्याविषयीं एक शब्दही काढला नाहीं. पाहुण्याच्या दुःखाचा मान राखण्याची ही रीत आम्हांस कोणत्याही सांत्वनाच्या पत्राहून अधिक बरी वाटली. त्या पुन्हां आंत गेल्या, आणि दगडी भांड्यांतून कांहीं पांढुरकें, किंचित् बदामी झाकेचें, पळीनें आमच्या पानांत घालीत म्हणाल्या, ‘डांगर.’

आमच्या सौ.चा हात भातावरच थांबला. आम्हीं बोट लावून चाखलें. भाजलेल्या उडदाचा तो खरपूस वास, मागून दह्याचा आंबटपणा, हिंग. धने नव्हते, तिखट नव्हतें, कच्च्या तेलाऐवजीं वर मोहरी व हिरव्या मिरचीची फोडणी होती. तरी तें तेंच होतें. तमिळ शेजारीणही त्यास ‘डांगर पचडि’ म्हणते, असें पुढें कळलें; म्हणजे शब्द आतां घरांतून गल्लींत गेलेला आहे.

‘मीठ चुकलें काय?’ आजीबाईंनीं विचारलें.

मीठ चुकलें नव्हतें. सौ.नीं डोळ्याला पदर लावला, आणि चार महिन्यांत घरांत जें कोणी बोललें नव्हतें तें त्यांनीं या परक्या स्वयंपाकघरांत सांगून टाकलें: बरणी, फळी, पुसणें, ठेवणें, सर्व. आजीबाईंनीं मध्यें एकदांही ‘असूं दे’ म्हटलें नाहीं. सांगणें संपल्यावर त्यांनीं एवढेंच विचारलें, ‘पीठ दळून किती दिवस झाले?’ आम्हीं हिशेब केला. दसऱ्याच्या आधींचें, सहा महिने झालेले. ‘मग तें गेलें,’ त्या म्हणाल्या. ‘डांगराचें पीठ दोन महिन्यांपलीकडे ठेवूं नये. वास जातो. तुमच्या सासूबाईंनाही हें ठाऊक असेल.’

असेंच असणार. मातोश्री थोडेंथोडें दळून आणीत, आणि ‘पुन्हां पुन्हां गिरणीत कशाला?’ म्हणून आम्हीच त्यांच्याशीं वाद घालीत असूं.

मधल्या चार दिवसांत तंजावर पाहिलें. बृहदीश्वराच्या देवळाविषयीं आमच्यासारख्यानें काय लिहावें? राजराज चोळानें तें इसवी सन १०१० मध्यें पुरें केलें. दोनशें फुटांहून उंच विमान दुपारच्या उन्हांतही डोक्यावर सांवली धरून उभें आहे. परंतु मराठी माणसानें तेथें आवारभिंतीच्या नैर्ऋत्य बाजूस अवश्य जावें. दुसऱ्या सरफोजी महाराजांनीं १८०३ सालीं भोसले घराण्याचा इतिहास मराठींत तेथें दगडावर कोरविला आहे. ओळींमागून ओळी, पाहतां पाहतां मान दुखते. राव आमच्याबरोबर आले होते. जन्म या गांवांत गेला, शेंकडों वेळां त्या भिंतीवरून ते गेले असतील. अक्षर मात्र कधीं वाचलें नाहीं. ‘वाचा पाहूं,’ ते म्हणाले. आम्ही वाचूं लागलों. कांहीं अक्षरें झिजलेलीं, कांहीं शब्द आम्हांस अडत. अडलेला शब्द आम्ही नुसता उच्चारला कीं राव त्याचा अर्थ सांगत, कारण तो त्यांच्या घरांत अजून चालू होता. असें तासभर चाललें. ज्याला अक्षर येतें त्याला शब्द येत नाहीं, आणि ज्याला शब्द येतो त्याला अक्षर नाहीं, अशी ती आमची जोडी पाहून एक पहारेकरी जवळ येऊन उभा राहिला.

सरस्वती महाल ग्रंथालयांत तीन हजारांवर मराठी हस्तलिखितें आहेत, त्यांत ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ म्हणून स्वयंपाकाचा ग्रंथही आहे. शरभेंद्र म्हणजे हेच सरफोजी महाराज. सांबार हा पदार्थ तंजावरच्या भोसल्यांच्या मुदपाकखान्यांत संभाजी राजांच्या नांवानें जन्मास आला, अशी एक गोष्ट हल्लीं जोतो सांगतो. गोष्ट रुचकर आहे. पुराव्याच्या बाबतींत पाणी जास्त झालें आहे. आम्हांस त्याहून गंमतीचें वाटलें तें ‘पिट्लै’. आजीबाईंनीं तिसऱ्या दिवशीं ‘आज पिट्लै’ म्हटलें, तेव्हां बेसनाचें पिठलें व गरम भात अशा आशेनें आम्ही पानावर बसलों, आणि पानांत आलें तें चिंचेच्या कोळांत, भाजलेले मसाले व खोबरें वाटून केलेलें तुरीच्या डाळींतलें कारलें. आमचें तोंड पाहून राव इतके हंसले, कीं त्यांना ठसका लागला. (पदार्थ मात्र उत्तम होता. पुण्यास येऊन आम्हीं तो दोन वेळां करविला.)

१४ एप्रिलला, रविवारीं, त्याच घरांत दुसरा पाडवा आला. पहिला चंद्राचा, हा सूर्याचा. मेष संक्रमणाचा तमिळ नववर्षदिन. दोन्ही पंचांगांत संवत्सराचें नांव एकच होतें, क्रोधी. आदल्या रात्रीं आजीबाईंनीं देवापुढें ताट मांडून ठेवलें: आंबा, केळीं, फणसाचे गरे, विड्याचीं पानें, फुलें, एक सोन्याची सांखळी, आणि मागें आरसा. सकाळीं डोळे उघडतांच प्रथम तें पाहावयाचें. आम्हांस हात धरून, डोळे मिटवून, लहान मुलांसारखें देवघरापर्यंत नेलें. डोळे उघडले तेव्हां फळांच्या मागें आरशांत आमचें दोघांचें तोंड दिसलें. चार महिन्यांत आपण किती वाळलों, हें आम्हांस तेथें प्रथम दिसलें.

त्या दिवसाच्या पानांत कैरी व गुळाची पचडी, आणि तिच्यावर तुपांत तळून चुरलेला कडुलिंबाचा मोहोर. म्हणजे पांच दिवसांपूर्वींचेंच कडूगोड, निराळ्या लुगड्यांत. वडे, मुगाची काकडी घातलेली कोसुमल्ली, जींत आपली कोशिंबीर सहज ओळखूं येते, आणि सुंठ-वेलदोडा घातलेलें गुळाचें पानकम्, जें आपल्या पन्ह्याचें सख्खें भावंड आहे. शेवटीं मुगाच्या डाळीचें, नारळाच्या दुधांतलें पायसम्. आजीबाई पळी घेऊन आमच्या पानापाशीं थांबल्या.

‘आजी, नको,’ आम्ही म्हणालों.

‘त्या दिवशीं वाढलें का मी? ती तुमची युगादी होती. आजचें वर्ष सूर्याचें. त्याला तुमच्या पुण्याच्या घरचें काय माहीत?’ असें म्हणत त्यांनीं दोन पळ्या पायसम् वाढलें. शास्त्रार्थ कोणत्या ग्रंथांतला तें आम्हीं विचारलें नाहीं. सौ.नीं आमच्याकडे पाहिलें, आणि मग पानाकडे पाहून पहिला घांस घेतला. थोरल्या वहिनींना हें कळवावें कीं नाहीं, यावर परतीच्या गाडींत आमचा बराच खल झाला. हा लेख त्या वाचतीलच.

निघण्याच्या दिवशीं सकाळीं आजीबाईंनीं सौ.ना चुलीशीं बोलाविलें. चूल म्हणजे गॅसच, पण त्या चूलच म्हणतात. लोखंडी कढईंत ओंजळभर डाळ टाकून मंद आंचेवर हलवावयास सांगितली. ‘रंग पाहूं नको, नाक इकडे दे. रंग बदलायच्या आधीं वास बदलतो. वास आला कीं उतरायचें. पुढचें काम कढई करते.’ सौ.नीं तीन वेळां भाजली; पहिली कच्ची, दुसरी करपली, तिसऱ्या वेळीं आजीबाईंनीं मान हलविली. मग त्यांनीं नव्या उडदाची चार शेर डाळ कापडी पिशवींत बांधून दिली. त्यांच्या दोघी सुना डांगर बाजारच्या पिठाचें करतात, किंवा करीत नाहींत, असें त्या बोलल्या. तक्रारीचा सूर नव्हता. ओट्यावरून त्यांनीं हात केला तेव्हां राव आंतून ओरडून कांहीं सांगत होते. रिक्षाच्या आवाजांत तें ऐकूं आलें नाहीं.

पुण्यास आल्यावर दुसऱ्याच दिवशीं बरणी खालीं काढली. तिघीही जावा होत्या. झांकण उघडलें. पिठाला जाळें धरलें होतें, आणि वास गेला होता. थोरल्या वहिनींनीं तें पीठ परसांतल्या कढीलिंबाच्या बुडाशीं घातलें, बरणी घांसली आणि दोन दिवस उन्हांत पालथी ठेवली. मग डाळ भाजावयास घेतली. एकीचें म्हणणें धने अगोदर भाजावे, दुसरीचें मागाहून. धाकट्या वहिनींचें म्हणणें सासूबाई जिरें भाजतच नसत. असा वाद आमच्या स्वयंपाकघरांत डिसेंबरापासून प्रथमच झाला.

अक्षय्य तृतीयेस पितरांच्या नांवानें पान वाढलें, त्यावर डांगर होतें. कांदा न घातलेलें, कच्च्या तेलाची धार सोडलेलें. जेवतांना थोरल्या वहिनींनीं चाखून पाहिलें. ‘जरा जास्त भाजलें,’ त्या म्हणाल्या, आणि पुन्हां वाढून घेतलें. आजीबाईंच्या डाळीपैकीं निम्मीच दळली होती. उरलेली ज्येष्ठांत भाजूं, त्याच्या आधीं नको, असें त्यांनीं सर्वांस बजावून ठेवलें आहे.